सातबारा नसलेल्यांची यादी

आमच्या ऑफिसात 'यूजर' हा शब्द वापरायला बंदी होती. बंदी सरांनी घातली होती. ती मोडली तर ते रागवत नसत. उठून तुमच्या टेबलाशी येत, हातातला अर्धा कांदा डब्याच्या झाकणावर ठेवत आणि विचारत, "नाव काय त्याचं?"

"कोणाचं सर?"

"त्या यूजरचं. कुठं रायते? फोन कोन्त्या हातानं धरते? चष्मा लागला का त्याले?"

सांगता आलं नाही की काम तिथंच थांबायचं. मी पुण्यात सात वर्षं नोकरी केली होती आणि आईच्या आजारपणामुळे बुलडाण्याला परतले होते. पहिल्याच आठवड्यात मी एका कागदावर लिहिलं, 'यूजर ही माहिती भरेल.' दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला एसटीत बसवून घाटाखाली पाठवलं, त्या यूजरला भेटून यायला. मोताळा, नांदुरा, तिथून गाडी बदलून वरवट बकाल. संध्याकाळी परत आले तेव्हा माझ्या कागदावर 'यूजर' खोडून 'सुनंदा' लिहिलेलं होतं. सुनंदा फोन डाव्या हातात धरायची, कारण उजव्या हातात तिला सापळा धरावा लागे. आणि भर उन्हात तिला आमच्या सुंदर निळ्या पडद्यावरचं एक अक्षर दिसत नव्हतं.

सरांनी कागद वाचला. "आता लिही," म्हणाले. "आता तुले समजलं काम काय हाये ते."

काम काय होतं ते इथंच सांगून टाकते. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. काही वर्षांनी गुलाबी अळी त्याच बोंडात सुखानं राहायला लागली. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सडकी सरकी. बघून कळत नाही, म्हणून लोक घाबरून मिळेल ते औषध, मिळेल तेव्हा फवारत होते. पीक जात होतं ते जातच होतं, वर फवारणीनं माणसं दवाखान्यात जात होती. यावर एका संस्थेनं योजना काढली. गावोगावी सुनंदासारखे निरीक्षक नेमायचे. त्यांनी शेतातल्या सापळ्यात अडकलेले पतंग मोजायचे, थोडी बोंडं फोडून बघायची आणि आकडे फोनवर भरायचे. अळी ठरलेल्या हद्दीबाहेर वाढली तर त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या फोनवर संदेश जाणार: फवारा, अमुक फवारा, इतकंच फवारा. नाही तर: उगाच फवारू नका. हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर करायचं काम पुण्याच्या एका कंपनीला मिळालं, आणि कंपनीनं बुलडाण्यात भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्हा पाच जणांना तिथं बसवलं. आमचे प्रमुख सर.

सर देऊळघाटचे. पन्नाशी ओलांडलेली, राखाडी सफारी, बारा महिने हातात छत्री. वीस वर्षं त्यांनी एका तंत्रनिकेतनात शिकवलं होतं. तिथं परीक्षा कॉम्प्युटरची होती आणि कॉम्प्युटर नव्हते. शेवटी सरांनी लागोपाठ तीन वर्षं अर्ज केले, चौथ्या वर्षी राजीनामा दिला आणि त्या राजीनाम्याला आधीच्या सगळ्या अर्जांच्या प्रती तारखेनुसार जोडल्या. त्यांच्या धाकट्या भावाची भाजीची शेती होती. सर रोज सकाळी पिशवीभर वांगी, मेथी, जे असेल ते घेऊन येत, आणि ज्याचं काम त्या दिवशी बिघडलं असेल त्यालाच ती पिशवी देत. "घरी जा. निवांत जेव. रागारागात केलेलं काम उद्या पुन्हा करा लागते." आमच्यातल्या एकाच्या घरी सलग नऊ दिवस वांगी शिजली होती. त्याची बायको शेवटी सरांना भेटायला आली, नवऱ्याला काम नीट शिकवा म्हणून.

चाकांच्या खुर्चीवर ते बसत नसत. मोबाइल जुना, बटणांचा. मोबाइलवर चालणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या माणसाकडे साधा स्मार्टफोन नाही, याचं पुण्याच्या लोकांना फार आश्चर्य वाटे. सर म्हणत, "माह्याजवळ असला तं मी माह्याच फोनवर पाहीन. मंग सुनंदाच्या फोनवर कोन पाहीन?"

माझ्या भाषेची त्यांना गंमत वाटे. मी जन्माची इथलीच, पण पुण्यात 'मले'चं 'मला' झालं होतं आणि ते काही केल्या परत वळत नव्हतं. गावातल्या सभेत मी बोलायला लागले की सर शेजारच्याला मोठ्यानं सांगत, "आपलीच पोरगी हाये. तिकळं जाऊन बिघडली थोडीशी."

कंपनीची एक कार्यपद्धती होती. जाड पुस्तक. कोणतंही सॉफ्टवेअर कसं करायचं, आधी कोणता कागद, मग कोणता, कोणी सही करायची, सगळं त्यात. आमच्यापैकी कोणी ते उघडलं नव्हतं. सरांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, समासात पेन्सिलीनं भांडले, आणि मग आम्हाला बोलावून सांगितलं की हे पुस्तक चांगलं आहे, पण बँकेसाठी लिहिलेलं आहे. "बँकेतला मानूस पुढच्या वर्षी पन बँकेतच बसते. इथं पंधरा दिवसात पऱ्हाटीचा रंग बदलते." पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडची उभी कपाशी.

मग त्यांनी खडूनं खोलीच्या दोन भिंतींवर दोन शब्द लिहिले. डावीकडे 'कच्चं', उजवीकडे 'पक्कं'.

डाव्या भिंतीखाली पडदे, बटणं, भाषा, कशानंतर काय विचारायचं, हे सगळं. ते दर पंधरा दिवसांनी बदललं तरी चालेल, किंबहुना बदललंच पाहिजे. दर दुसऱ्या गुरुवारी आम्ही जे काय केलं असेल ते घेऊन वरवट बकालला जायचं, शाळेच्या ओसरीवर मांडायचं आणि गाव म्हणेल तसं बदलायचं. उजव्या भिंतीखाली मोजकी कामं: अळीची हद्द कोणती धरायची, कोणतं औषध, किती, कधी, आणि किती दिवस शेतात जायचं नाही. त्यातला एक शब्दही संस्थेच्या कृषितज्ज्ञांची कागदावर सही असल्याशिवाय बदलायचा नाही. आणि प्रत्येक काम दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न विचारता तपासायचं.

पुण्याचे साहेब, म्हणजे आमच्या कंपनीतले सरांचे वरिष्ठ, पडद्यावरच्या बैठकीत हे ऐकून वैतागले. "एका प्रोजेक्टला दोन पद्धती? असं कसं चालेल?"

"एकाच घरात मोरी बी असते अन् चूल बी असते," सर म्हणाले. "दोन्हीकडं एकच चप्पल घालून जाता काय तुमी?"

साहेबांनी विषय बदलला.

गुरुवारच्या सभांनी आम्हाला रडवलं. पंधरा दिवस खपून केलेलं एक पान सुनंदानं अर्ध्या मिनिटात निकालात काढलं होतं: "हे सरकवा लागते ना बोटानं? माह्या बोटाले कापसाचा चीक लागेल रायते. सरकत नाही ते." दुसऱ्या एका सभेत 'कीटकनाशक' या शब्दावरून वाद झाला. लोक म्हणाले, आम्ही औषध म्हणतो. सर उसळून उभे राहिले. औषध म्हटलं की माणूस गाफील राहतो, हे विष आहे, विषच लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. गाव म्हणालं, विष लिहिलं तर बाया शेतात जायच्या नाहीत आणि घरोघरी भांडणं लागतील. तासभर गदारोळ झाला. शेवटी हात वर करून मत घेतलं आणि सर हरले. 'विषारी औषध' ठरलं. परतीच्या गाडीत ते नांदुऱ्यापर्यंत कोणाशी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी स्वतः प्रत्येक पानावर तो शब्द बदलायला लावला.

वर्ष होत आलं आणि पहिला हंगाम भरात आला तेव्हा कंपनीनं तपासणीला एक बाई पाठवल्या. आम्ही पुस्तकाप्रमाणे वागतो की नाही हे बघायचं त्यांचं काम. चाळिशीच्या, शांत, करड्या नजरेच्या. आम्ही पाचही जण घाबरलो होतो. सर कांदा खात होते.

बाईंनी विचारलं, "तुम्ही पद्धतीत एवढे बदल केलेत. ते कोणत्या आधारावर?"

सर उठले, कपाटातून एक फाइल काढून त्यांच्यापुढे ठेवली. पुस्तकाच्या शेवटच्या पानांत एक फॉर्म होता. 'टेलरिंग'चा. आपल्या प्रोजेक्टच्या मापानं पद्धत कापायची असेल तर काय कापलं, का कापलं आणि ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांना ते मान्य आहे का, हे त्यात लिहायचं. सर त्याला 'शिंप्याचा कागद' म्हणत. त्यांनी तो प्रत्येक बदलासाठी भरला होता. कारणं मराठीत, बारीक अक्षरात. खाली सुनंदाची सही, कृषितज्ज्ञांची सही, शेतकऱ्यांच्या सह्या, म्हाताऱ्यांचे अंगठे.

बाई तास-दीड तास वाचत होत्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "सर, मी इतकी वर्षं हे काम करतेय. हा फॉर्म भरलेला पहिल्यांदा बघतेय."

"मंग छापता कायले?" सर म्हणाले.

आम्ही हसलो. बाई पण हसल्या, आणि मग त्यांनी लाल पेन काढलं. फॉर्मवर एक रकाना होता: या कामाचा ज्यांच्यावर परिणाम होईल पण ज्यांना आपण विचारलेलं नाही, असे कोण? सरांनी प्रत्येक वेळी तिथं एकच शब्द लिहिला होता. 'निरंक.' बाईंनी त्याभोवती लाल गोल केला.

"असं नसतं, सर," त्या एवढंच म्हणाल्या.

सर संतापले. इतका गाव आपण गोळा केला, आणि ही पुण्याहून येऊन सांगते! बाई गेल्यावर ते बराच वेळ खोलीत येरझाऱ्या घालत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते धुळीनं माखलेले, आणि दारातूनच म्हणाले, "ते बाई बराबर हाये. मी गधा हाये."

ते एकटेच घाटाखाली गेले होते. सभेच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी. शेतातून हिंडताना त्यांना दिसलं की आमच्या सभेला येणारा एकही माणूस पाठीवर पंप घेऊन चालत नव्हता. शेतकरी बांधावर होता. पंप मजुराच्या पाठीवर होता.

पुढच्या गुरुवारी ओसरीवर पहिल्यांदा फवारणीचे मजूर आले. आले आणि पायरीखालीच उभे राहिले. सर स्वतः खाली जाऊन त्यांना वर घेऊन आले. त्यांच्यातला शेषराव नावाचा पस्तिशीचा माणूस बोलका होता. मी त्याला पडद्यावर संदेश दाखवला: 'अळीचे प्रमाण वाढले आहे. फवारणी करा.'

"हा संदेश कोनाले जाते?" त्यानं विचारलं.

"शेतकऱ्याला. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला."

"किती वाजता?"

"सुनंदाताई सकाळी आकडे भरतात. म्हणजे साधारण अकरा-साडेअकराला."

शेषराव हसला. त्यात कडवटपणा नव्हता, पण त्या हसण्यानं माझे कान तापले. "म्याडम, साडेअकराले मालकाचा फोन वाजन. मालक म्हनन, चाल शेषराव, आत्ताच्या आत्ता मार. बारा वाजता मी वावरात. वरून ऊन, समोरून वारा, अन् डोक्याइतकी पऱ्हाटी. माह्या साळ्यानं मांगच्या साली असंच दुपारी मारलं. संध्याकाळी डोयापुढं अंधार आला त्याच्या. दवाखान्यातून वाचून आला, पन डाव्या डोयानं अजून त्याले धड दिसत नाही." तो थांबला. "तुमचा फोन चांगला हाये. पन तो मलेच मारन."

आम्ही वर्षभर झटत होतो ते फवारणी कमी व्हावी म्हणून, आणि आमचा संदेश बरोबर उन्हाच्या वेळी माणसाला शेतात ढकलणार होता.

सरांनी विचारलं, "काय पाह्यजे मंग?"

"आदल्या दिवशी संध्याकाळी येऊ द्या. म्हनजे सकाळी लवकर मारून मोकळा होतो. अन् मालकासंगं मले बी येऊ द्या. किती टाकाचं, तोंडाले काय बांधाचं, मले कोन सांगते? डब्यावर लिहेल असते, पन डबा मालकाच्या घरी."

बदल लहान होते. संदेशाची वेळ, आणि मजुरांचे फोन नंबर नोंदवायची सोय. पण आमच्या नोंदणीत सातबाऱ्याचा क्रमांक सक्तीचा होता, आणि मजुराजवळ सातबारा कुठला? सरांनी ती सक्ती काढली, मजुरांची वेगळी यादी सुरू केली, शिंप्याचा कागद भरला. त्यावर बेचाळीस सह्या आणि अंगठे झाले. वेळेचा बदल उजव्या भिंतीखालचा, म्हणून त्यावर कृषितज्ज्ञांची वेगळी सही घेतली.

मग पुण्याहून निरोप आला. उद्घाटनाची तारीख ठरली होती. मोठे पाहुणे येणार होते. संस्थेला 'लाभार्थी शेतकरी' हवे होते, मजूर योजनेत बसत नव्हते. यादी काढून टाका, सातबारा परत सक्तीचा करा, संदेश पूर्वीच्याच वेळी ठेवा आणि आहे ते चालू करा.

ती बैठक मला जशीच्या तशी आठवते. पडद्यावर साहेब, इकडे आम्ही पाच जण आणि उभे सर.

"सर, कामाची कक्षा ठरलेली आहे. त्यात मजूर नाहीत."

"वावरात हायेत."

"सातबारा नसेल तर आपल्याला तो माणूस नोंदवता येत नाही. सरळ हिशोब आहे."

"सातबारा नाही म्हनून त्याले नाक नाही काय?" सरांचा आवाज चढला नव्हता. "विष तं त्याच्याच नाकात जाते ना. सातबारा पाहून नाही जात."

"हे पुढच्या टप्प्यात बघू. आत्ता तुम्ही चालू करायच्या कागदावर सही करा."

"नाही करत."

"म्हणजे?"

"म्हनजे नाही करत. हे चालू झालं तं दुपारी मानसं फवारनीले जातीन. मले माहीत झालं हाये. माहीत नव्हतं तवा केली असती."

"तुमच्या जागी दुसरं कोणी करेल."

"करू द्या ना. पन त्याले आधी शेषरावसमोर बसवा."

चार दिवसांनी सरांना प्रोजेक्टमधून काढल्याचं पत्र आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक पेन्सिलीनं दुरुस्त केली, छत्री घेतली आणि जिना उतरून गेले. पिशवीतली मेथी त्या दिवशी त्यांनी कोणालाच दिली नाही. टेबलावर तशीच राहिली.

दुसरं पत्र माझ्या नावानं होतं. प्रमुख म्हणून आता मी.

मी शूर बाई नाही. आईचा दवाखाना चालू होता आणि बुलडाण्यात माझ्या कामाची दुसरी नोकरी नव्हती. यादी काढायला अर्धा दिवस पुरला असता. मी संगणक उघडून बसले, आणि मग उठून कपाटातलं ते जाड पुस्तक काढलं. एकदा मान्य झालेला बदल मागे घ्यायचा असेल तर काय करायचं, हे शोधलं. सापडलं. तोच फॉर्म, त्याच लोकांच्या सह्या.

गुरुवारी मी एकटी वरवट बकालला गेले. ओसरीवर सगळ्यांसमोर फॉर्म वाचून दाखवला: मजुरांची यादी काढून टाकणे, संदेशाची वेळ पूर्ववत करणे. माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटत होता.

"यावर सही पाह्यजे?" शेषरावनं विचारलं.

"हो."

"नाही करत."

"मी बी नाही," सुनंदा म्हणाली. "पतंग मी मोजतो. माह्या आकड्यावर मानूस दुपारी वावरात जाईन तं मी उद्यापासून मोजतच नाही."

एका वयस्कर शेतकऱ्यानं मात्र पेन मागून घेतलं. "माह्या फोनवर येते तेवढं पुरे हाये. मजुराले मी सांगन ना. त्याच्या फोनवर कायले पाह्यजे?" त्यांनी सही केली. शेषराव त्यांच्याच शेतात कामाला होता. तो त्यांच्याकडे बघत राहिला आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बाकीच्यांनी कागदाला हात लावला नाही.

एक सही असलेला तो फॉर्म मी दुसऱ्या दिवशी पुण्याला पाठवला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: ज्यांनी बदल मागितला होता त्यांना तो मागे घेणं मान्य नाही.

साहेबांचा फोन लगेच आला. "तुम्हाला नोकरी करायची आहे ना?"

"करायची आहे सर. म्हणून तर आपल्या पुस्तकाप्रमाणे फॉर्म भरला."

"हा फॉर्म कोणी भरत नाही, मॅडम!"

"आमच्या ऑफिसात भरतात."

पुढचे काही आठवडे मी रोज पत्राची वाट बघितली. पत्र आलं नाही. आडून मदत झाली ती दोघांची. तपासणीच्या बाईंनी पुण्यात लेखी कळवलं की फॉर्म नियमाला धरून आहे, आणि तो डावलला तर त्या तशी नोंद करतील. कृषितज्ज्ञ, ज्यांना आम्ही सगळे भित्रे समजत होतो, त्यांनी सांगितलं की फवारणीच्या कागदावर सही त्यांची आहे, आणि वेळ बदलली तर ती सही ते काढून घेतील. उद्घाटन ठरल्या दिवशीच झालं. फीत कापली, भाषणं झाली, पडद्यावर चित्रं दाखवली. खरं सॉफ्टवेअर तीन आठवड्यांनी गावात गेलं. संध्याकाळच्या वेळेसकट, आणि सातबारा नसलेल्यांच्या यादीसकट.

ते चालू झाल्यावर पहिल्या रविवारी मी सरांना सांगायला देऊळघाटला गेले. ते भावाच्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मी सगळं सांगितलं. शेषरावला आदल्या संध्याकाळी संदेश आला, त्यानं तो शेजारच्या चौघांना वाचून दाखवला, सकाळी लवकर फवारून दहाच्या आत तो घरी. सर ऐकत होते, जुड्या बांधत होते. "अच्छा," म्हणाले. "बेस झालं." त्यांचे डोळे भरले होते, पण मी ते पाहिलं असं त्यांना कळू द्यायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात त्यांची भावजय वांग्याच्या वावरातून आली. रिकामी कळशी कमरेवर, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. तिनं कळशी ठेवली आणि नळाखाली हात धरले. बराच वेळ धरून ठेवले. हात मनगटाच्या वरपर्यंत लाल झाले होते, जागोजागी कातडी निघालेली.

सरांनी त्यांच्या घरच्या बोलीत, दखनीत, विचारलं, "हाथों को क्या हुआ?"

"हमेशा काच है, भाईजान," ती म्हणाली. "पानी मैंच लाती, दवा बी मैंच घोलती. वो तो पंप लेके चले जाते."

"काहे से घोलती?"

"हाथ सेच. और काहे से?"

सरांच्या हातातली जुडी सुटली. ते उठले, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"यादीत बाया किती हायेत?"

"सुनंदा. आणि दोन निरीक्षक."

"पानी आननाऱ्या? कालवनाऱ्या?"

एकही नव्हती.

"त्या सभेले येत होत्या वं," सर म्हणाले. "मांगं उभ्या रायत होत्या. मले वाटे चहापान्यासाठी आल्या." मग घराकडे वळून, छत्रीलाच हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली, छत्री कुठंय म्हणून. "उद्या सकाळची पयली गाडी."

"सर, तुम्ही आता प्रोजेक्टवर नाही."

"कंपनीच्या नाही."

"आणि काम तर चालू झालं."

"चालू झालं. झालं कोन म्हनते?"

सोमवारी मी रजा टाकली. वरवट बकालला सुनंदानं नळावरून सात जणी बोलावून आणल्या. त्या एकमेकींच्या आड उभ्या होत्या, पदर तोंडाला. सर ओसरीच्या पायरीवर बसले. शेवटी त्यांच्यातली वयानं मोठी बाई म्हणाली, "आमाले काऊन इचारता बापा? मालकाले इचारा."

"मालकाचे हात पाह्यले मी," सर म्हणाले. "चांगले हायेत. तुमचे दाखवा."

मग त्या बाईनं पदरातून दोन्ही हात बाहेर काढून पुढे केले. तिच्या शेजारणीनं केले. एकेक करून सातही जणींनी. सर बघत राहिले. मी वही उघडली.

"लिहून घेऊन राह्यल्या काय?" त्या बाईनं मला विचारलं.

"हो."

"मंग लिहा. कालवाले लांब काडी पाह्यजे. हातमोजे पाह्यजे, फाटके नाही, नवे. अन् हे मालकानं द्याचं, आमी इकत घेनार नाही." ती थांबली आणि मागे वळून बाकीच्या सहा जणींकडे एकदा पाहून घेतलं. "हे तुमच्या त्या फोनवर टाका."

"तुमच्या फोनवर?"

"आमाले माहीतच हाये ना हे," ती म्हणाली. "मालकाच्या फोनवर टाका. अन् खाली लिहा, आमी सांगतलं म्हनून."